गुंजीचे पाय आणि बाईसाहेबांचा नवस

फार पूर्वी, नदीकाठच्या एका गावात (गावाचं नाव विचारू नका, सांगणाऱ्यालाही ठाऊक नाही) एका सरदाराच्या घरी गुंजी नावाची इवलीशी कुत्री होती. चपटं नाक, लांब रेशमी केस, आणि अंगाने एवढी लहान की सरदारांनी आणली तेव्हा ती त्यांच्या पगडीत मावली होती. "मी नसताना सोबत होईल," असं म्हणून त्यांनी ती बाईसाहेबांच्या ओटीत घातली आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून ते मोहिमेवर निघून गेले.

इकडे बाईसाहेबांचा जीव थाऱ्यावर राहीना. जासूद आला की त्यांना वाटे, वाईट बातमी आहे. नाही आला की वाटे, बातमी इतकी वाईट आहे की सांगायला कोणी उरलं नाही. शेवटी त्यांनी देवीला नवस बोलला. धनी परत येईपर्यंत गुंजीचा पाय जमिनीला लागू देणार नाही. मी हिला जपते, तू तिकडे त्यांना जप. नवस बोलताना गुंजीला कोणी विचारलं नाही, हे सांगायला नकोच.

त्या दिवसापासून गुंजी मांडीवरून उशीवर, उशीवरून पाळण्यात आणि पाळण्यातून पुन्हा मांडीवर. तिच्या विधीसाठीसुद्धा चौरंगावर वाळूची परात ठेवलेली. मनात काहूर माजलं की बाईसाहेब तिला छातीशी घट्ट धरत आणि पेढ्याचा तुकडा भरवत. काहूर तर दिवसातून वीस वेळा माजे.

गुंजी चांगली गरगरीत झाली. नुसती कूस बदलली तरी तिला धाप लागू लागली. ती ना धड झोपे, ना धड जागी राही. उशीवर गोल गोल फिरे, पंजे चाटत बसे, भिंतीवर पाल सरकली तरी घसा सुकेपर्यंत भुंके. एकदा केस विंचरताना दासीचा हात तिच्या पुढच्या पायाला लागला, तर तिने दासीचं बोटच फोडलं. बाईसाहेबांनी ठरवलं, दृष्ट लागली. लगेच मीठ-मोहऱ्या ओवाळून निखाऱ्यावर टाकल्या. त्या धुराने चपट्या नाकाच्या जिवाचा श्वास कोंडला आणि ती खोकून खोकून बेजार झाली. मग दृष्ट फारच कडक आहे असं ठरलं आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट मोहऱ्या टाकल्या.

होळीच्या सुमारास गुंजीने खाणं सोडलं. पेढासुद्धा हुंगेना. हिचं काही बरंवाईट झालं तर तिकडे धन्यांचं... एवढं म्हणून बाईसाहेब थांबत, पुढचं त्यांच्याने बोलवत नसे.

तेव्हा कारभाऱ्यांनी नदीपलीकडून ठकूबाई धनगरणीला बोलावलं. मेंढरांच्या खुरांची दुखणी काढण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं. ती आली आणि कुत्रीला खाली सोडा म्हणाली. घरातल्या चौघांनी एकदम नवसाचं सांगितलं. मऊ चिंधीने तिने गुंजीचं तोंड हलकेच बांधलं, पुढचा पाय हातात घेतला आणि पंज्यावरचे केस बाजूला केले.

नखं जमिनीवर कधी झिजलीच नव्हती. वाढत वाढत ती वळली होती आणि तळपायाच्या गादीत रुतली होती. दोन ठिकाणी पू झाला होता. हेच पाय बाईसाहेबांनी हजारदा कुरवाळले होते, पण केस बाजूला करून एकदाही पाहिले नव्हते.

ठकूबाईने तिथेच नखं कापून काढली आणि जखमा कडुलिंबाच्या कोमट पाण्याने धुतल्या. पेढे बंद, धूर बंद, दोन वेळा मऊ भात आणि चार तुकडे मटण, केस रोज विंचरायचे, आणि जखमा सुकल्या की उन्हाच्या आधी अंगणात चालवायची, असं तिने बजावलं.

"चालवायची म्हणजे जमिनीवर?" बाईसाहेबांनी विचारलं. "नवस मोडला आणि तिकडे त्यांना काही झालं, तर मी काय करू?"

"भ्या तुमचं हाय, बाईसाहेब. घरधनी लांब गेल्यावर कुणालाबी वाटतंया त्ये. पर ह्या मुक्या जिवाच्या पायात कशापायी घातलंत? नवस तुमी बोलला, तर तुमच्या पायानं फेडा."

आठ दिवसांत जखमा सुकल्या, पण बाईसाहेबांचा निर्णय होईना. त्या सोप्यात येरझाऱ्या घालत, देवघराच्या दारापर्यंत जात आणि परत फिरत. नवव्या दिवशी मात्र त्यांनी आपल्या वहाणा काढून ठेवल्या. धनी येईपर्यंत मीच अनवाणी चालेन, हिला मोकळी कर, असं देवीला सांगून त्यांनी गुंजीला अंगणात ठेवलं. हात काही सुटेनात. मग एकेक बोट करून त्यांनी ते सोडवले.

गुंजी थरथरत उभी राहिली. एक पाऊल टाकलं, कलंडली, मातीने शिंकली आणि पुन्हा उठली. पुढे रोज दोघी अंगणात फिरू लागल्या. बाईसाहेबांच्या टाचांना भेगा पडल्या, काटे मोडले. गुंजीचं पोट मात्र उतरलं, धाप गेली आणि दुपारी ती चारही पाय वर करून घोरू लागली. जासूद आला नाही की बाईसाहेबांचा हात तिच्याकडे जाई. तो त्या मागे घेत आणि अंगणाला आणखी एक फेरी मारत.

अक्षय्यतृतीयेच्या आदल्या दिवशी सरदार घरी आले. डाव्या खांद्यापासून कोपरापर्यंत तलवारीच्या वाराचा लांबलचक व्रण होता. तो पाहताच बाईसाहेबांनी गुंजीकडे पाहिलं. मीच हिला खाली सोडली, म्हणून हे झालं, असं त्यांना वाटलं.

"कधी लागलं हे?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"संक्रांतीला," सरदार म्हणाले.

संक्रांतीला हळदीकुंकवात गुंजी सात सवाष्णींच्या मांड्यांवरून फिरली होती. तिचा पाय जमिनीला पुसटसाही लागला नव्हता. नखं रुतत होती, ती सोसत होती, आणि तिकडे तलवार कोणासाठी थांबली नव्हती.

बाईसाहेब तिथेच मातीत बसल्या. त्यांनी गुंजीचा पंजा हातात घेतला आणि तिची माफी मागितली. रडू त्यांना आवरत नव्हतं. गुंजीने पंजा थोडा वेळ हातात राहू दिला. मग तो सोडवून घेतला आणि ती सरदारांच्या घोड्यावर भुंकायला पळाली.

तात्पर्य काढायचंच तर एवढं: आपल्या जिवाची घालमेल शमावी म्हणून आपण ज्याला उराशी धरतो, त्याला कुठे दुखतंय हे आधी पाहावं.