उजव्या भिंतीवरचे सरकार

दुपारी बरोबर एक वाजता इनामदार भैरोजीरावांच्या छातीत जळजळ सुरू झाली आणि सगळ्या गढीची तारांबळ उडाली. थंड दूध, बडीशेपेचं पाणी, आवळ्याचं सरबत, सगळं पिऊन झालं. पण जेवून पडले की आंबट पाणी रोज घशाशी यायचंच.

"भामे, तुझ्या मसाल्यानं मला जाळलं! उद्यापासून चुलीपाशी दिसायचं नाही," सरकार गरजले.

स्वयंपाकीण भामाच्या काखेत तान्ही लेक होती. तिला घेऊन जायचं कुठं? भामा म्हणाली, "एक उपाय राहिलाय, सरकार. तुमची ही तसबीर पलंगाच्या उजव्या भिंतीवरून डाव्या भिंतीला लावा आणि खुशाल पडा."

"तसबिरीनं पित्त जातं होय गं?" सरकार हसले, पण तसबीर हलवली. झोपून उठले, तर जळजळ नाही!

"ही काय जादू?"

"जेवल्यावर लोक डाव्या कुशीवर पडतात. तुम्ही स्वतःचं रूप न्याहाळत उजव्या कुशीवर पडायचात. मग पोटातलं आंबट पाणीही बिचारं दर्शनाला वर यायचं."

भामाची चूल टिकली. तुमच्याकडे कुणी जेवून लगेच आडवं होत असेल, तर त्यालाही डावी कूस सांगा. आणि आरसा कुठल्या भिंतीला आहे, तेही बघा.