टुचकीचा अडकलेला दोरा

एक होती शिंपीण. पानं शिवून घर करणारी इवलीशी पाखरीण. नाव तिचं टुचकी.

घरटं झालं होतं. एकच टाका राहिला होता. आणि अंडं तर आजच येणार होतं बरं का!

टुचकीनं कुठून कुठून लाल दोरा आणला. भुर्र भुर्र आणला. वाटेत होती बोरी. बोरीच्या काट्यात दोरा अडकला. टुचकीनं ओढला. आणखीच अडकला.

टुचकीनं एक डोळा बारीक केला. हिलाच हवा असेल माझा दोरा. पाणी मुरतंय, नक्की पाणी मुरतंय.

"बोरी, बोरी, काटा वळव. माझा दोरा सोड."

"काटा वळवला तर शेळी मला खाईल. आधी शेळीला सरकव."

भुर्र भुर्र टुचकी गेली शेळीकडे. शेळी आपली कचर कचर तोंड हलवतेय. टुचकीनं एक डोळा बारीक केला. पाणी मुरतंय, नक्की पाणी मुरतंय.

"शेळी, शेळी, सरक ना.
शेळी सरेना,
बोरी सोडेना,
टुचकीचा टाका होईना."

"मी सरकले तर कुत्रा अंगावर येईल. आधी कुत्र्याला बसव."

भुर्र भुर्र टुचकी गेली कुत्र्याकडे. जरा लांबच बसली. कुत्र्याचा काय नेम! गुर्र गुर्र करत उभा होता. टुचकीनं एक डोळा बारीक केला. पाणी मुरतंय, नक्की पाणी मुरतंय.

"कुत्र्या, कुत्र्या, बस ना.
कुत्रा बसेना,
शेळी सरेना,
बोरी सोडेना,
टुचकीचा टाका होईना."

"मी बसलो तर मुंगी चावेल. आधी मुंगीला घालव."

टुणुक टुणुक टुचकी गेली मुंगीकडे. मुंगी कुत्र्याच्या पायाशीच होती, पानाखाली दडलेली. नुसत्या मिशा बाहेर.

"मुंगी, मुंगी, जा ना.
मुंगी जाईना,
कुत्रा बसेना,
शेळी सरेना,
बोरी सोडेना,
टुचकीचा टाका होईना."

मुंगीनं एक डोळा बारीक केला.

"मी निघाले तर तू मला टिपशील. आधी तू पाठ फिरव."

पाठ फिरवायची? कुत्र्यासमोर? आणि त्यानं झडप घातली तर?

मग तिला आईचं शिवणं आठवलं. आई सांगायची, गुंता ओढून सुटत नाही गं, टोक शोधावं. टुचकी टोक शोधायला लागली. बोरी भिते शेळीला. शेळी भिते कुत्र्याला. एवढा मोठा कुत्रा भितो मुंगीला. आणि मुंगी भिते कुणाला?

"अगंबाई, मला!"

टोक तिच्याकडेच होतं. टुचकीनं पाठ फिरवली. डोळेसुद्धा मिटले.

मुंगी गेली तुरुतुरु.
कुत्रा बसला धप्पकन.
शेळी सरली टपटप.
बोरीनं काटा वळवला, दोरा सुटला सळ्ळकन.

टुचकी उडाली भुर्र. टुचकीचा टाका झाला. वर गाठ बसली. आणि घरट्यात आलं एक अंडं, गोल गोल, गरम गरम.

दुसऱ्या दिवशी टुचकीला भूक लागली. घरट्याखालून तीच मुंगी चालली होती. टुचकीनं तिच्याकडे पाहिलं. मग कुणी न सांगताच पाठ फिरवली.

दोरा संपला, गोष्ट संपली,
टुचकी आमची अंड्यावर झोपली.