शिव्या खाणारी यक्षिणी

पूर्वी शृंगपुरात अरिंदम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने तेथील एका कुंभाराच्या घरी जन्म घेतला. त्याचे नाव सोमिल. नगराबाहेर काळ्या मातीची खाण होती. तिच्या तळाशी यक्षिणी राहते, ती वर येऊ नये म्हणून माती काढण्यापूर्वी तिला शिव्या घालाव्यात, अशी कुंभारांची पूर्वापार रीत होती. सोमिल मात्र मुकाट्याने माती भरी.

"दादा, तुझी जीभ झिजते की काय?" धाकटा भाऊ भद्दक हसे. "राहू दे, तुझ्या वाटच्याही मीच देतो."

एके दिवशी भर दुपारी वारा पडला, पाखरे गप्प झाली. भद्दकाने पहिली शिवी हासडली, तोच चिखलातून एक हात वर आला आणि त्याने भद्दकाचा घोटा धरला. भद्दक शिव्यांवर शिव्या देऊ लागला. प्रत्येक शिवीगणिक तो हात फुगे आणि भद्दक वीतभर खाली जाई.

सोमिल संतापला. त्याने कुदळ उगारली. घाव बसण्याआधीच हात आणखी फुगलेला त्याला दिसला, आणि त्याला उमगले. शिव्या आणि राग खाऊनच ही वाढली. हिला आपणच पोसले. त्याने कुदळ खाली ठेवली.

"भद्दका, आता एक शब्द बोलू नकोस." मग चिखलात गुडघे टेकून त्याने विचारले, "माये, तुझं नाव काय?"

बराच वेळ नुसते बुडबुडे आले. मग तळातून आवाज आला, "आठवत नाही. माझ्यावर दरड कोसळली, तेव्हा मी हाका मारत होते. तुझे आजे-पणजे काठावर होते. पळाले सगळे."

"मी पळणार नाही. त्याला सोड, मला धर."

भद्दक सुटून काठावर आला. थंडगार बोटे सोमिलच्या मनगटाभोवती आवळली, हाड करकरले. त्याच्या मनात मात्र कळवळाच होता. दिवस कलेपर्यंत तो तसाच बसून राहिला. हळूहळू पकड सैल झाली आणि एकेक बोट विरघळत गेले. मनगटावर उरलेली ओली माती त्याने ओंजळीने परत खाणीत सोडली.

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, कोपिष्ट भिक्षू सोणकाकडे वळले. "ती यक्षिणी तू होतास. भद्दक म्हणजे तुला डिवचणारा हा तुझा सोबती कप्पिल. सोमिल मीच."

सोणक खाली मान घालून बसला होता. "भंते, फार दुखलं का?"

"दुखलं," शास्ता म्हणाले. "पण तोवर राग उरला नव्हता."

यालाच क्षांतिपारमिता, म्हणजे क्षमेची परिपूर्णता, म्हणतात.