मागची सीट

“अन् भेव? ते कोठीच नाही वाटलं?”

गुलाबशा फकिरानं विचारलं आणि चहाची कपबशी शिरीषपुढे सरकवली.

“भीती वाटणारा माणूस मोटारसायकलवर तवांगला जातच नाही, बाबा.” शिरीष भुयार हसला. “आसामात सीटपर्यंत पाणी आलं होतं, त्यातून गाडी काढली. वर पहाडात डोळ्यांदेखत दरड कोसळली. एकट्यानं गेलो, एकट्यानं आलो. गाडीला कोणाचा हात लागू दिला नाही.”

“हं...”

ते ‘हं’ शिरीषला आवडलं नाही. कौतुक केल्यासारखं ते वाटत नव्हतं, आणि नावं ठेवल्यासारखंही नाही.

सातपुड्याच्या घाटमाथ्यावर, बैतूलहून परतवाड्याकडे येणाऱ्या रस्त्याला लागून एक लहानसा दर्गा होता. गुलाबशा तिथं राहायचा. येणाऱ्याजाणाऱ्याला चहा पाजायचा आणि कोणी काही विचारलं तर तेवढ्यापुरतं बोलायचा. कुठल्याही प्रवासाला निघताना इथं माथा टेकायची शिरीषच्या घराण्याची रीत होती. परतताना मात्र तो माथा टेकायला थांबला नव्हता. सांगायला थांबला होता.

खाली परतवाड्यात मित्र हार घेऊन चौकात उभे होते. ढोलताशा ठरवला होता. कुठवर आलास, म्हणून फोनवर फोन येत होते.

“निघतो बाबा. आशीर्वाद द्या.”

“आशीर्वाद कायले? मीच येतो तुह्यासंगं.”

“कुठं?”

“खाली. दोस्त गेला माहा. हमीद. पायथ्याशी गाव आहे त्याचं. असरच्या, दुपार कलतीच्या नमाजानंतर दफन आहे. सकाळपासून एसटीची वाट पाहून राहिलो, पन आलीच नाही.” फकीर गुडघ्यांवर हात ठेवून उठला. “मले त्याले माती द्यायची आहे बापू.”

शिरीषनं गाडीकडे पाहिलं.

एक गोष्ट त्यानं कोणालाच सांगितली नव्हती. गाडीचा पुढचा ब्रेक कालपासून धरत नव्हता. तेल गळत होतं. पार्ट नागपूरहून मागवावा लागेल, गाडी दोन दिवस ठेवून जा, असं बैतूलच्या मेकॅनिकनं सांगितलं होतं. शिरीषनं नुसतं तेल घेतलं, आपल्या हातानं भरलं आणि गाडी बाहेर काढली. मागचा ब्रेक होता, गिअर होते, इतक्या रस्त्यांवर बसलेला हात होता. दोन दिवसांनी पोचलं तर चौकात कोण उभं राहणार?

“मागे सामान बांधलंय, बाबा...”

“घेतो मी पाठीवर.”

“तुमच्यासाठी हेल्मेट नाही.”

फकिरानं डोक्याला हिरवं फडकं घट्ट गुंडाळलं आणि तो गाडीपाशी जाऊन उभा राहिला.

आता खरं सांगायचं, किंवा चावी फिरवायची. हमीद कोण, त्याचं गाव कुठलं, शिरीषला काही ठाऊक नव्हतं. पण मेलेल्या दोस्ताकडे निघालेल्या म्हाताऱ्याला नाही म्हणायचं, तर कारण द्यावं लागणार होतं. आणि कारण दिलं, तर मघाच्या सगळ्या गप्पांचं काय?

त्यानं चावी फिरवली.

पहिली वळणं सोपी गेली. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन घरघरत गाडीला मागे ओढत होतं. शिरीषचा उजवा पाय ब्रेकवरून उठत नव्हता. फकिराचा हात त्याच्या खांद्यावर होता. हलका, घरच्या माणसाच्या खांद्यावर ठेवावा तसा.

“बेस चालवतं बापू तू,” मागून आवाज आला. “भल्लं बेस.”



उतार वाढला. त्यानं पुढचा ब्रेक दाबून पाहिला. लिव्हर सरळ मुठीला येऊन टेकली. काल एकदा असंच झालं होतं तेव्हा तो स्वतःशी हसला होता. आज त्यानं ती पुन्हा पुन्हा दाबून पाहिली. मागच्या ब्रेकच्या जळक्या लायनरचा वास येऊ लागला.

डाव्या हाताला दरी होती. त्याला पहिल्यांदाच ती दिसली. म्हणजे रस्त्याच्या कडेला असते तशी नाही... खोल दिसली. खांद्यावरचा हात एवढासा होता, पण त्याचं वजन वाढत चाललं होतं. हा खाली गेला तर कोणाला कळवायचं? ह्याचं कोण आहे? आपण विचारलंसुद्धा नाही.

पुढच्या वळणावर बांबूंनी भरलेला ट्रक वर आला. सबंध रस्ता अडवून.

शिरीषनं मागचा ब्रेक दाबला. चाक घसरलं. समोर ट्रकचा लोखंडी बंपर, त्याच्यावर लटकणारी लिंबू-मिरची, आणि डावीकडे काहीच नाही. त्यानं हँडल उजवीकडे टाकलं, ट्रकच्या नाकासमोरून, डोंगराच्या बाजूला. बारीक खडीवर गाडी फरफटली, तिरपी झाली आणि नालीच्या काठावर येऊन थांबली.

ट्रक हॉर्न वाजवत वर निघून गेला.

 इंजिन बंद पडलं होतं. तापलेल्या लोखंडाची टकटक तेवढी ऐकू येत होती.

“अल्ला...” फकिरानं श्वास सोडला. मग खांद्यावर दोनदा थोपटलं. “ट्रकवाल्यानं वळन खाल्लं. तुही काही चूक नाही बापू. चल.”

शिरीषनं स्टार्टरवर अंगठा ठेवला.

चूक नाही, असं म्हाताऱ्यानं स्वतःच्या तोंडानं म्हटलं होतं. आता थोडीच वळणं उरली होती. कोणाला काही कळलं नसतं.

अंगठा तसाच राहिला.

“उतरा बाबा.”

“काऊन?”

“ब्रेक नाही. पुढचा.” त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना. “मागचाही गेल्यातच जमा आहे. मला माहीत होतं. तुम्हाला बसवलं तेव्हाही माहीत होतं.”

फकीर खाली उतरला. त्यानं शिरीषकडे पाहिलं... पाहतच राहिला. शिरीष शिव्यांची वाट पाहत होता. शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं.

गुलाबशानं पाठीवरची बॅग नीट केली, गाडीच्या मागे गेला आणि मागची लोखंडी पट्टी दोन्ही हातांनी धरली.

“तू पुढं धर,” तो म्हणाला. “मी मागून आवरतो.”

ते घाट उतरू लागले. शिरीष हँडल धरून गाडीच्या बाजूनं, फकीर मागे अंग टाकून गाडी रोखत. त्याच्या पायातल्या चपला घासत होत्या. मधेच म्हातारा धापा टाकायचा, मग दोघं थांबायचे, मग पुन्हा निघायचे. इतक्या मोठ्या प्रवासात त्या गाडीला लागलेला तो पहिला परका हात होता.

फोन वाजला.

“कुठं आहेस बे? ढोलवाले कंटाळले!”

“ब्रेक गेलाय. चालवत नाही, ढकलत आणतोय.” शिरीष म्हणाला. “टेम्पो पाठव. आणि ढोलवाल्यांना जाऊ दे.”

“अरे पण, लोक...”

“जाऊ दे म्हणतो ना.”

पायथ्याशी पोचले तेव्हा उन्हं कलली होती. रस्त्याच्या कडेनं जनाजा निघालेला दिसला. पांढऱ्या टोप्या घातलेली माणसं झपझप चालत होती, खांदे बदलत होती. एकानं गुलाबशाला ओळखलं आणि हात वर केला.

“पोचलो रे हमीद,” फकीर पुटपुटला. त्यानं बॅग शिरीषच्या हातात दिली आणि फडकं सोडून घामेजलं तोंड पुसलं. त्याच्या दोन्ही तळहातांवर लोखंडी पट्टीचे लाल वळ उठले होते.

ते वळ पाहून शिरीषला राहवलं नाही.

“बाबा... कालही मी ह्याच गाडीवर होतो. बैतूलच्या पुढं मोठा उतार लागला. ब्रेक असाच होता. खरं सांगतो, काही वाटलं नाही. गाणं म्हणत उतरलो.” तो थांबला. “आज उतार वाढला तसा घाम फुटला. काल मागे कोणी नव्हतं ना... म्हणून.”

जनाजा पुढे सरकत होता. फकीर त्याच्या मागे दोन पावलं गेला, आणि वळला.

“अन् पुढं कोन बसलं होतं?”