पालथी न घातलेली टोपली

फार मागची गोष्ट. तेव्हा घरांना कुलपं नव्हती. चोर मात्र होते. ते कुठल्या काळी नव्हते?

माळावरच्या एका गावात पावलांचा माग काढणारा म्हातारा राहायचा. मातीतलं पाऊल बघून तो चोर ओळखायचा आणि पंच येईपर्यंत ठसा मोडू नये म्हणून त्यावर टोपली पालथी घालायचा. त्याचा शब्द कधी खोटा पडला नव्हता. घरात तो आणि त्याचा तरणा मुलगा, एवढीच दोन माणसं.

मग लागोपाठ तीन वर्षं दुष्काळ पडला. लोक पाला शिजवून खाऊ लागले, म्हाताऱ्यानं अंथरूण धरलं. एका संध्याकाळी मुलानं त्याला ज्वारीची पेज पाजली. ती कुठून आणली, हे म्हाताऱ्यानं विचारलं नाही. पोटात आग पडली की असले प्रश्न कुणाला सुचतात, बाबांनो?

सकाळी बोंब उठली, की गावाच्या बियाण्याचं जमिनीतलं पेव कुणीतरी फोडलं. गावातल्या दोघांनी म्हाताऱ्याला धरून तिथं नेलं. त्यानं वाकून पाहिलं. पाऊल त्याच्याच पोराचं होतं. बियाणं चोरणाऱ्याला गाव वेशीबाहेर काढायचं, आणि त्या उन्हात वेशीबाहेर काढणं म्हणजे मरणच.

म्हाताऱ्यानं टोपली मागितली नाही. तोल गेल्यासारखं करून तो ठशावरच बसला आणि पाऊल परक्या मेंढपाळाचं आहे, असं सांगून मोकळा झाला. मेंढरं मेल्यामुळे गावात अडकून पडलेला एक गरीब पोरगा होता तो. त्यानं खूप गयावया केली, तरी लोकांनी त्याला माळावर हाकललं.

हे कळताच मुलगा धावत पंचांकडे आला. "पेव मी फोडलं. त्याला माघारी बोलवा."

पंचांनी म्हाताऱ्याला विचारलं. मेंढपाळ अजून दिसत होता, एक हाक पुरली असती. पण बापाचं काळीज आंधळं! तो म्हणाला, "पोराला भुकेनं भ्रम झालाय. मनावर घेऊ नका."

पंचांनी माना डोलावल्या. मुलानं वाकून बापाच्या पायाला हात लावला.

"बाबा, तुमच्यासाठी चोर झालो, त्याची मला लाज वाटली नाही. पण तुम्ही मला खुनी केलंत."

एवढं बोलून तो मेंढपाळाच्या मागे माळावर निघाला. तेव्हा कुठे म्हातारा छाती पिटून खरं काय ते सांगू लागला. पण आता लोकांना वाटलं, पोरापायी म्हातारा चळला. त्यांनी त्याला उचलून घरात नेऊन निजवलं, मुलामागे मात्र कुणी गेलं नाही.

आठ दिवसांनी सरपणाला गेलेल्या बायकांना दोघं मरून पडलेले सापडले. मुलानं आपलं पागोटं मेंढपाळाच्या तोंडावर सावलीला धरलं होतं. म्हातारा पुढे चार वर्षं जगला, आणि आपणच दोघांना मारलं असं भेटेल त्याला सांगत राहिला. लोक हळहळायचे आणि त्याच्या हातावर भाकरी ठेवायचे.

आपल्या लेकराचा गुन्हा जो दुसऱ्याच्या लेकरावर ढकलतो, त्याच्या वाट्याला दोघांचंही मरण येतं.