सगळे दिवे हिरवे

एकदा एका रुग्णालयात एक तरुण संगणक-अभियंता कामाला होता. हृषीकेश त्याचं नाव. माणूस हुशार, कष्टाळू, आणि कोणालाही 'नाही' न म्हणणारा. रुग्णालयाच्या जुन्या इमारतीत एका जुनाट संगणकात असंख्य रुग्णांचे एक्स-रे आणि स्कॅन साठवलेले होते. तो संगणक जागचा हलवला तर पुन्हा सुरू होईल याची खात्री कोणी देत नव्हतं, आणि शनिवारी तर त्या इमारतीची वीज तोडून ती पाडायला घेणार होते. त्याआधी हा सारा संचय नव्या इमारतीतल्या यंत्रांवर उतरवून घ्यायची जबाबदारी हृषीकेशवर होती. एखाद्या बाईच्या गाठीचा मागच्या वर्षीचा स्कॅन हरवला, तर यंदाचा कशाशी ताडून पाहायचा? असं ते जोखमीचं काम होतं.

नवी व्यवस्था मोठी सुरेख होती. अनेक यंत्रं एकत्र जोडलेली. प्रत्येक फाइलचे तुकडे करून प्रत्येक तुकडा तीन निरनिराळ्या यंत्रांवर ठेवायचा, म्हणजे एक बंद पडलं तरी दोघांकडे शिल्लक. पण या यंत्रांवर फाइली लिहिण्याचं, म्हणजे उतरवण्याचं, काम असं काही रखडलं होतं की विचारू नका! हृषीकेशने नवी, जास्त वेगाची केबल टाकली. फरक शून्य. आणखी यंत्रं आणून जोडली, तर वेग उलट घटला. बिचारा पार चक्रावला. हात वाढवले की काम लवकर उरकतं, हे शेंबडं पोरही सांगेल. मग इथे असं का? पडद्यावर पाहावं तर सगळे दिवे हिरवे. एकही यंत्र तक्रार करीत नव्हतं.

क्ष-किरण विभागाच्या प्रमुख डॉक्टर केळुसकर रोज विचारत, "काय, होतंय ना?"

"होतंय, मॅडम," तो रोज म्हणे.

गुरुवारी मात्र त्याचा धीर सुटला आणि त्याने आपल्या कॉलेजातल्या वृद्ध गुरुजींना बोलावून घेतलं. गुरुजी आले. शांतपणे चहा घेतला. मग त्यांनी प्रत्येक यंत्राला एकेकटं गाठून तीच ती छोटी फाइल लिहायला लावली. ते काय मोजताहेत हे हृषीकेशला उमगेना. शेवटी ते उठले, मधल्या एका यंत्राजवळ गेले आणि त्यांनी त्याची वायर सरळ उपटून टेबलावर ठेवली.

"अहो गुरुजी, हे काय केलंत! चालू होतं ते! दिवा हिरवा होता त्याचा!"

"होता खरा," गुरुजी म्हणाले. "बस खाली."

पडद्यावरचा वेगाचा आकडा आधी अडखळला, मग चढू लागला, आणि चढतच गेला. एक यंत्र कमी झालं आणि काम धावायला लागलं! हृषीकेशला आनंद व्हायला हवा होता, पण तो आणखीच गोंधळला.

"लग्नाच्या पंगतीत जेवलायस ना?" गुरुजी म्हणाले. "सगळ्यांचं झाल्याशिवाय कोणी उठत नाही. या यंत्रांचाही तोच रिवाज. तुकडा तिघांना द्यायचा, आणि तिघांनीही 'पोचला' म्हटल्याशिवाय तो लिहिला असं धरायचं नाही. या एकाची डिस्क आतून झिजलीय, आणि प्रत्येक फाइलचा एखादा तरी तुकडा हिच्याकडे येतोच. मेली असती तर दिवा लाल झाला असता आणि बाकीच्यांनी तिला वगळून काम चालवलं असतं. पण ही बया प्रत्येक वेळी 'हो'च म्हणते, फक्त फार उशिरा. तू नवी केबल टाकलीस, म्हणजे वाढपी जोरात धावायला लागले. जेवणारा होता तेवढाच हळू. नवी यंत्रं आणलीस, तर जुन्यातला वाटा त्यांच्याकडे हलवायचं आणखी एक काम हिच्याही डोक्यावर बसलं."

"मग मला दिसलं कसं नाही?"

"तू सगळ्यांची सरासरी पाहत होतास. एकेकाला विचारलंच नाहीस. दिवा काय, जिवंत आहे एवढंच सांगतो. जमतंय का, ते नाही सांगत."

हृषीकेशने घाईघाईने हिशेब मांडला आणि त्याचा चेहरा उतरला. या वेगानेही काम संपायला रविवार उजाडणार होता.

"डॉक्टरांना काय सांगितलंयस?" गुरुजींनी विचारलं.

"होतंय म्हणून."

"रोज?"

त्याने मान डोलावली. हृषीकेशची नजर टेबलावरच्या वायरकडे गेली. त्याला फार लाज वाटली. त्याने फोन उचलला.

"मॅडम, शनिवारपर्यंत जमणार नाही. इतके दिवस जमतच नव्हतं. मी बोललो नाही."

"अहो, मग आधी सांगायचं ना!" डॉक्टर म्हणाल्या. "तो पाडकामवालाच माझ्या मागे लागलाय, पुढच्या आठवड्यात आलो तर चालेल का म्हणून. तुमचं होतंय म्हणालात, म्हणून मीच त्याला दटावून शनिवारी यायला लावलंय. थांबा, आत्ता कळवते त्याला."

हृषीकेशने फोन ठेवला आणि टेबलावरची ती वायर नीट गुंडाळून बाजूला ठेवली.

आपल्या घरात, कचेरीत जो रोज 'होतंय' म्हणतो, त्याच्याजवळ एकदा बसावं आणि विचारावं, जमतंय का रे?