जसंच्या तसं

“आणि आत्ता ह्यात जे आहे, त्याचं काय होतं?” अप्पाजींनी विचारलं.

मन्मथचा हात माऊसवर होता. पडद्यावर शेवटची सूचना येऊन थांबली होती. पुढे गेल्यास या डिस्कवरील सर्व काही पुसले जाईल. पुढे जायचे?

“त्याचं काय व्हायचंय, अप्पाजी? बिघडलेलंच आहे ते.”

“सगळं?”

“संगणक सुरूच होत नाही म्हटल्यावर...” मन्मथ हसला. “हा चांगला होता तेव्हाची अख्खी इमेज आहे माझ्याकडं. ती ह्यावर चढवायची, की झालं. तुमचा चहा होईपर्यंत जसंच्या तसं.”



मन्मथनं ‘होय’वर बोट दाबलं.

लातूरच्या अलीकडं, माळावरच्या एका वीरशैव मठातली ही गोष्ट. मठाचे प्रमुख ते अप्पाजी. मन्मथ बिराजदार तिथं आला तो पुण्याची नोकरी सोडून. एका मोठ्या कंपनीतले शेकडो संगणक त्याच्या ताब्यात असत. ते बिघडू द्यायचे नाहीत, आणि बिघडले तर पुन्हा उभे करायचे, हेच त्याचं काम. ते करता करता एक दिवस त्याचं मनच उडालं. कशावरून, ते त्यालाही नीट सांगता येत नसे. त्यानं अप्पाजींचे पाय धरले आणि दीक्षा मागितली.

“आधी पोथ्यांच्या खोलीतली यंत्रं बघ,” अप्पाजी म्हणाले होते.

ही आपली परीक्षा आहे असं मन्मथनं धरलं आणि तो कामाला लागला. जुन्या पोथ्या उतरवून घ्यायला मठानं काही संगणक घेतले होते, त्यातला एकही धड चालत नव्हता. त्यानं सगळे रांगेला लावले. प्रत्येकाची इमेज घेऊन ती वेगळ्या डिस्कवर कपाटात ठेवायला सुरुवात केली.

नुसत्या फायली उचलून ठेवणं वेगळं आणि इमेज वेगळी, असं तो आल्यागेल्याला हौसेनं समजावून सांगे. इमेज म्हणजे संगणकाची डिस्क त्या घटकेला जशी असेल तशी सगळीच्या सगळी उतरवून घ्यायची. खिडक्या-दारांसकट घर उचलावं तशी. संगणक उद्या बसला, तर कालचा उठून उभा राहतो.

“माझ्या खोलीत काही मरत नाही,” असंही तो एकदा बोलून गेला होता. अप्पाजींच्या समोरच.



आता पडद्यावरची पट्टी भरत गेली. चहा आला. पट्टी पूर्ण झाली, संगणक स्वतःच बंद होऊन सुरू झाला, आणि परवापासून नुसता काळा असलेल्या पडद्यावर मठाच्या शिखराचं चित्र उमटलं. दर्शनाला आलेली मंडळी दारात गर्दी करून बघत होती. त्यातल्या एकानं टाळीच वाजवली.

मन्मथनं वळून अप्पाजींकडं पाहिलं. अप्पाजी बशीत चहा ओतत होते.

थोड्या वेळानं गुरुबाई आल्या. तो संगणक त्यांचा.

गुरुबाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. हाताला कंप आल्यामुळं पेन धरवत नसे, पण कळा दाबून अक्षरं सरळ येतात याचं त्यांना नवल वाटे आणि आनंदही. पोथ्या दुसऱ्यांनी उतरवाव्यात. गुरुबाईंकडं महालिंगबाबा होते.

महालिंगबाबा म्हणजे मठाच्या आश्रयाला असलेले एक अंध, फार म्हातारे जंगम. आजोबांकडून आलेली पदं त्यांना तोंडपाठ होती. कुठंही लिहिलेली नव्हती. दुपारची जेवणं झाली की पोथ्यांच्या खोलीच्या उंबऱ्याशी बसून ते म्हणायचे आणि आत गुरुबाई उतरवून घ्यायच्या. कुणी समोर मोबाईल धरला की बाबा गप्प होत.

“ह्यात कोण ऐकायलंय?” असं विचारत. “हुंकार तर येईना.”

हुंकार गुरुबाईच देत. शेवटची पदं बाबांनी मागं राखून ठेवली होती. ती दिली आणि भाद्रपद सरता सरता ते लिंगैक्य झाले. मठाच्या मागच्या चिंचेखाली त्यांना समाधी दिली, तिथली माती अजून बसलेली नव्हती.

गुरुबाईंनी संगणकावर इकडं तिकडं शोधलं.

“मन्मथ, शेवटची पदं कुठायत?”

“असतील की बाई. त्याच फोल्डरमध्ये.”

“आषाढापर्यंतची आहेत. पुढची दिसेनात.”

मन्मथ उठून त्यांच्या मागं जाऊन उभा राहिला. इमेजची तारीख त्याला पाठ होती. आता ती त्याच्या डोळ्यांपुढं आली.

आषाढाचा शेवट.

श्रावणात तो अप्पाजींबरोबर गावोगाव फिरला होता. अप्पाजींच्या शेजारी बसायला मिळत होतं, लोक त्यालाही वाकून नमस्कार करत होते. परत आल्यावर आज घेऊ, उद्या घेऊ म्हणत नवी इमेज राहूनच गेली. आणि परवा परतीच्या पावसात वीज गेली, आली, पुन्हा गेली, तेव्हा हा संगणक बसला.

डिस्क मेली नव्हती. सुरू होण्यापुरतं काहीतरी बिघडलं होतं. आतलं शाबूत असणार. डिस्क काढून शेजारच्या यंत्राला लावली असती तरी पदं हाताला लागली असती. निदान त्या बिघडलेल्या डिस्कचीच आधी एक इमेज घ्यायला हवी होती. पुण्यात नव्यानं लागलेल्यांना तो पहिल्याच दिवशी हेच बजावत असे.

पण अप्पाजी समोर उभे होते. चहा चुलीवर होता.

“बाई... गेली.”

“कुठली?”

“श्रावणापासूनची. सगळी. मीच पुसली.”

गुरुबाईंचे हात कळांवर तसेच थरथरत राहिले. 

“बाबा पण गेले,” त्या म्हणाल्या. मग पदर सावरून उठल्या आणि घरी गेल्या.

पुढचे काही दिवस मन्मथ खोलीबाहेर आलाच नाही. पुसलेल्या डिस्कमधून उरलंसुरलं शोधून काढणारी जेवढी साधनं त्याला ठाऊक होती तेवढी त्यानं लावून पाहिली. पण वर नवं चढलं होतं. सापडले ते नुसते तुकडे. चौकोन, प्रश्नचिन्हं, मध्येच एखादा काना, एखादी वेलांटी. सगळ्या उपसलेल्यात एकच ओळ वाचता आली, तीही अर्धी.

घडा फुटला नि पाणी

पुढं चौकोनच चौकोन.

कपाटातल्या सगळ्या डिस्का घेऊन तो अप्पाजींकडं गेला आणि त्या त्यांच्या पायाशी ठेवल्या.

“अप्पाजी, मला शिक्षा द्या.”

“यंत्र चालू आहे?”

“आहे.”

“मग आजची इमेज घेतलीस?”

मन्मथला वाटलं, अप्पाजींना कळलेलं नाही. “आता त्यात ती पदं नाहीत, अप्पाजी. आता कशाची इमेज घेऊ?”

“आहे त्याची.”

“पण जे जपायचं होतं तेच...”

“हे उचल सगळं,” अप्पाजी डिस्कांकडं बघत म्हणाले. “पाय लागायलेत माझे.”

ही शिक्षा होती की माफी, मन्मथला कळेना. दोन्ही नसावी, अशी शंका त्याला सगळ्यात जास्त छळू लागली. खोलीत येऊन त्यानं इमेज लावली. पट्टी भरत होती. आपल्या हातानं झालेली नासधूस आपणच जपून ठेवतोय, असं त्याला वाटलं आणि तरी तो पट्टी पूर्ण होईपर्यंत हलला नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुबाई आल्या. नेहमीसारखा डबा आणला होता. धपाटे आणि दही. त्याच्यापुढं त्यांनी झाकणात वाढलं.

त्यानं झाकण बाजूला सारलं.

“बाई, तुम्ही मला बोलत का नाही?”

“काय बोलू?”

“काहीही. रागवा. तुमची इतक्या दिवसांची मेहनत...”

“मी पदं आठवायलेय, मन्मथ,” गुरुबाई म्हणाल्या. “एक हाताशी येतं, तोवर दुसरं निसटतं. तू मध्ये मध्ये रडू नकोस. गोंधळ होतो माझा.”

त्यानं डोळे पुसले. आपलं रडणं कुणाच्या वाटेत येत असेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

दुपारी गुरुबाईंनी त्याला लॅपटॉप घेऊन बाहेर सोप्यात बोलावलं. अप्पाजी भिंतीला टेकून बसले होते, डोळे मिटून. शेजारी पाण्याचा तांब्या. दारातून ऑक्टोबरचं ऊन आत आलं होतं आणि शहाबादी फरशी तापली होती.

“मी म्हणते, तू घे उतरवून,” गुरुबाई म्हणाल्या. “ती तुझी अर्धी ओळ होती ना, तिच्यापासून लागू या.”

त्यांचा आवाज काही गाण्याचा नव्हता. पण चालीत म्हणाल्या,

“घडा फुटला नि पाणी उभे राहिले...”

मन्मथची बोटं धावली. चौकोनांच्या जागी शब्द आला होता! कितीतरी दिवसांनी त्याच्या छातीत जरा हवा गेली.

“चालू लागले,” अप्पाजी डोळे न उघडता म्हणाले.

मन्मथची बोटं ‘पाणी’पाशीच थांबली.

“नाही हो, अप्पाजी,” गुरुबाई म्हणाल्या. “उभे राहिले. मीच उतरवलं होतं.”

“मी इथंच बसलो होतो, गुरुबाई. घडा फुटला नि पाणी चालू लागले.”

“तुम्हाला म्हणाले असतील तसं. मला उभेच म्हणाले.”

“असेल.”

“असेल नाही. होतंच.”

“होतं.”

आणि दोघंही हसले. मन्मथनं एकदा इकडं पाहिलं, एकदा तिकडं. हसण्यासारखं काय झालं, त्याला उमजेना.

“पण दोन्ही कसं असेल?” तो म्हणाला. “पाणी उभं राहिलं तर चालणार कसं? बाबा एकच काहीतरी म्हणाले असतील ना?”

“तू पण होतास की तेव्हा,” गुरुबाई म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच वाटलं, तिसरं कुणी असेल तर विचारावं. “आतल्या टेबलाशीच तर बसायचास. तुला काय ऐकू आलं?”

मन्मथच्या कानात तेव्हा हेडफोन असत.

...त्यानं तसं सांगितलं.

 चिंचेवर कावळा ओरडला आणि उडून गेला.

“दोन्ही लिहून ठेवू का?” मन्मथनं विचारलं.

“दोन्ही कसं गाणार?” अप्पाजी म्हणाले.

“मग बाईंचं लिहू? त्यांनी उतरवलं होतं...”

“लिही.”

“पण तुमचं खरं असलं तर?”

“मग माझं लिही.”

“अप्पाजी!” मन्मथचा आवाज चढला, आणि आपण मठात आहोत हे आठवून पुन्हा खाली आला. “मी एवढं मोठं नुकसान केलंय. आता त्यात आणखी चूक नको. मला मूळ पाहिजे. बाबा म्हणाले ते. जसंच्या तसं. तुम्हाला ठाऊक असेल तर सांगा, नाहीतर नाही म्हणा, मी ती ओळ रिकामी ठेवतो. पण मला असं मध्येच लटकवू नका.”

अप्पाजींनी डोळे उघडले. त्याच्याकडं पाहिलं. 

मग हात लांब करून त्यांनी तांब्या घेतला आणि फरशीवर आडवा केला.

पाणी भसकन बाहेर आलं आणि उताराला लागलं. मन्मथनं घाईघाईनं लॅपटॉप छातीशी उचलून धरला. पाणी त्याच्या मांडीला लागून पुढं गेलं, दाराकडं वळलं, उन्हाच्या पट्ट्यात शिरलं आणि दोन फरश्यांच्या मधल्या खाचेशी येऊन थांबलं. तिथं ते थरथरत उभं राहिलं. मग एका कोपऱ्यातून त्याची एक बारीक धार पुन्हा सुटली.

गुरुबाई वाकून बघत होत्या. शाळेत एखाद्या पोरानं केलेला प्रयोग बघावा तशा.

“हे... हे काय, अप्पाजी?”

अप्पाजींनी तांब्या सरळ करून ठेवला.

मन्मथनं लॅपटॉप पुन्हा मांडीवर घेतला. ओळ तशीच होती. घडा फुटला नि पाणी. पुढं कर्सर लुकलुकत होता. त्यानं बोटं कळांवर ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. पाण्याकडं पाहिलं. धार थांबली होती का? की अजून चालली होती? उन्हात नीट दिसत नव्हतं. तापलेल्या फरशीवर पाण्याची कड आत आत सरकत होती.

“अप्पाजी, पण मी नक्की काय...”

“लिही लवकर,” अप्पाजी म्हणाले. “वाळायलंय.”